इंद्रियांच्या वाटेने अक्षरांपर्यंत : ताराबाई मोडक

तिसरी-चौथीच्या वर्गात गुरुजींनी वा बाईंनी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय फळ्यावर लिहावा आणि चाळीस वह्यांतून एकच पाऊस पडावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेक पालकांना व शिक्षकांना परिचित आहे. आकाश काळ्या ढगांनी भरून येते, मोर नाचू लागतो, धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि शेवटच्या ओळीत लेखकास पावसाळा फार आवडतो. त्याच सकाळी जे मूल काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटवीत, ओल्या दप्तराचा कुबट वास घेत, टिनाच्या छपरावर कोसळणाऱ्या सरींचा ताशा ऐकत शाळेत आले, त्याच्या वहीत तो चिखल, तो वास आणि तो ताशा कोठेच आढळत नाही. नाचणारा मोर तर त्याने बहुधा पाहिलेलाच नसतो. आपण जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, हातांनी चाचपले ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्या मुलास आजवर कोणी सांगितलेलेच नसते.

लहान मुलांच्या या मुकेपणाचे मूळ कोठे आहे व त्यावर उपाय कोणता, याचा शोध ज्यांनी आपल्या महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने घेतला, त्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. बालवाडी व अंगणवाडी हे शब्द आज खेडोपाडी रुळले आहेत. त्यांच्यामागील ही व्यक्ती मात्र नव्या पिढीच्या विस्मरणात जाऊ लागली आहे. शिक्षणाविषयी आस्था बाळगणाऱ्या आपल्या समाजाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचा परिचय करून देणे म्हणूनच उचित वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान कार्यकर्ते होते. मुलींना शिकवावे की नाही यावर त्या काळी घराघरांतून वाद चालत असताना केळकरांच्या घरी तो प्रश्न निकालात निघालेला होता. ताराबाईंचे शिक्षण मुंबईतच झाले आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वर्षी पदवी घेतलेल्या मराठी स्त्रियांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच असावी.

यानंतरचा त्यांच्या आयुष्याचा कालखंड आपल्या वऱ्हाडात गेला. अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या अमरावतीस आल्या. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ अशा चार जिल्ह्यांचे ते त्या वेळचे वऱ्हाड होते. कापसाच्या व्यापाराने भरभराटीस आलेले अमरावती हे त्याचे प्रमुख शहर, वकिलांची आणि राजकारणाची तेथे मोठी वर्दळ. मुंबईच्या सुधारकी वातावरणात वाढलेल्या या तरुण पदवीधर स्त्रीला तेथील संसार मात्र लाभला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी, माहेरी परतून आश्रित होण्याची तयारी नाही आणि घटस्फोट हा शब्द उच्चारण्याचीही समाजाला सवय नाही, अशा परिस्थितीत त्यांनी नोकरी शोधली. राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले.

पद मानाचे होते आणि वेतनही चांगले असणार. अवघ्या दोन वर्षांत ताराबाईंनी ते सोडले. स्त्री-शिक्षिका तयार करण्याचे काम करीत असताना ज्या शाळांसाठी आपण शिक्षिका घडवितो त्या शाळांतून मुलांचे होते काय, हा प्रश्न त्यांना पडला असला पाहिजे. कारण त्या ज्या ठिकाणी गेल्या तेथे नेमका याच प्रश्नाचा शोध चालला होता. ते ठिकाण म्हणजे भावनगरची दक्षिणामूर्ती संस्था. शत्रुंजय यात्रेसाठी पालिताण्यास जाणाऱ्या आपल्या बांधवांना भावनगर अपरिचित नाही. तेथील तखतेश्वराच्या टेकडीजवळ गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर उभे होते.

गिजुभाई मूळचे वकील. १८८५ साली जन्मलेल्या या गृहस्थांना स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाची चिंता लागली आणि त्या चिंतेतून मॉन्टेसरीबाईंचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले. वकिली मागे पडली. नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेल्या दक्षिणामूर्तीत ते दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे ‘दिवास्वप्न’ या आपल्या गुजराती पुस्तकात त्यांनी एका कल्पित शिक्षकाची हकिकत सांगितली. हा शिक्षक प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग मागून घेतो, धडे आणि घोकंपट्टी बाजूला ठेवतो आणि गोष्टींपासून आरंभ करतो. मुले आधी ऐकू लागतात, मग बोलू लागतात, नदीवर भटकतात, वाचू लागतात. लिहिणे त्यानंतर येते. शिक्षणशास्त्रावरील पुस्तक इतके हसवीत वाचायला लावते, हे विरळाच.

ताराबाई १९२३ साली भावनगरला आल्या. गुजराती भाषा त्यांनी आत्मसात केली आणि गिजुभाईंच्या सहकारी म्हणून त्या बालमंदिरात जमिनीवर मुलांबरोबर बसू लागल्या. महाविद्यालयाच्या प्राचार्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात रमल्या, ही गोष्ट त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल. आजही शिक्षणक्षेत्रातील मानाची उतरंड पाहता ती तितकीच विचित्र वाटावी.

भावनगरच्या त्या वर्गात काय चालत असे, हे समजून घेतल्याशिवाय ताराबाईंच्या पुढील कार्याचा अर्थ लागणार नाही. म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील डॉक्टर. १९०७ साली रोम शहराच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीचा गाभा इंद्रियशिक्षण हा आहे. एका फळीवर अर्धा भाग गुळगुळीत आणि अर्धा वाळूच्या कागदाने खरखरीत केलेला असतो. मूल डोळे मिटून त्यावरून बोटे फिरविते. सारख्याच आकाराच्या पण निरनिराळ्या वजनाच्या पट्ट्या तळहातावर तोलून पाहते. डब्या कानाशी हलवून सारखा आवाज करणाऱ्या जोड्या लावते. वासाच्या बाटल्या, चवीच्या बाटल्या, रंगांच्या फिकटापासून गडदापर्यंत लावावयाच्या पट्ट्या, झाकलेल्या पिशवीत हात घालून केवळ स्पर्शाने ओळखावयाच्या वस्तू, असा तो सारा संसार असतो.

पाहणाऱ्यास हा निव्वळ खेळ वाटतो. परंतु त्यात भाषेचा पाठ मोठ्या कौशल्याने गुंफलेला आहे. बोटांना खरखरीतपणा जाणवत असतानाच शिक्षिका त्या अनुभवाचे नाव सांगते. एवढाच शब्द, मागेपुढे व्याख्यान नाही. थोड्या वेळाने दोन वस्तूंतून खरखरीत कोणती ते दाखवावयास सांगते. तिसऱ्या टप्प्यावर वस्तू हाती देऊन ती कशी आहे एवढेच विचारते आणि शब्द मुलाच्या तोंडून येतो. अनुभव, ओळख आणि उच्चार अशा या तीन पायऱ्या आहेत. शब्द अनुभवाच्या पाठोपाठ येत असल्याने तो मुलाच्या मनात पक्का बसतो. आपल्या शाळांतून बहुधा उलटे घडते. आधी शब्दार्थ पाठ होतो; अनुभव आला तर पुढे कधीतरी येतो.

अक्षरांच्या बाबतीतही हाच क्रम. वाळूच्या कागदाची कापलेली अक्षरे पाट्यांवर चिकटविलेली असतात. मूल त्यांवरून बोट फिरविते, तोंडाने ध्वनी उच्चारते. डोळा, कान आणि बोट तिघे मिळून अक्षर शिकतात. रोमच्या बालगृहातील चार-पाच वर्षांची मुले अशा तयारीनंतर एके दिवशी आपण होऊन लिहू लागली आणि मग जमीन, भिंत, दार यांवर लिहीतच सुटली, ही हकिकत जगभर गाजली. भावनगरला हेच देवनागरीच्या नि गुजरातीच्या वळणांवर करून पाहिले गेले.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. आपल्या पाठशाळेतील लहान मुलेही पुद्गलाचे गुण मुखोद्गत म्हणून दाखवितात. स्पर्श, रस, गंध आणि वर्ण. त्यांत स्पर्शाचे आठ प्रकार, रसाचे पाच, गंधाचे दोन व वर्णाचे पाच. मृदू-कठीण, गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष या स्पर्शाच्या जोड्या मॉन्टेसरीबाईंच्या फळ्यांशी, वजनाच्या पट्ट्यांशी आणि गार-गरम पट्ट्यांशी ताडून पाहाव्यात. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध नाही आणि हेतूही अगदी भिन्न आहेत. तरीही वस्तू जाणून घेण्याची पहिली दारे कोणती, याविषयीचे हे साम्य लक्षणीय आहे. पाठशाळेतील बालकास हे वीस शब्द पाठ असतात. प्रश्न एवढाच, की स्निग्ध म्हणताना त्याच्या बोटांना तुपाचा आणि रूक्ष म्हणताना राखेचा स्पर्श आठवतो काय?

एकेंद्रिय ते पंचेंद्रिय जीवांचे वर्गीकरणही मुलांना माहीत असते. मुंगीस स्पर्श, रस व गंध एवढीच तीन इंद्रिये मानली आहेत. या वर्गीकरणानुसार तिला डोळे नाहीत, कान नाहीत. चौथीच्या मुलांना मुंगी होऊन स्वयंपाकघराचे वर्णन लिहावयास सांगून पाहावे. दिसले आणि ऐकू आले हे दोन शब्द वर्ज्य केले की गुळाच्या डब्याचा चिकटपणा, ओट्याचा थंडावा, सांडलेल्या तेलाचा वास ही सारी संपत्ती आपोआप वहीत उतरू लागते. शिक्षकांनी करून पाहण्याजोगा हा खेळ आहे.

असो. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून बालशिक्षणाचा विचार आधी गुजरातीत आणि पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत घरोघरी पोहोचू लागला. ताराबाईंनी मुलांसाठी आणि पालकांसाठी विपुल लेखन केले. ‘नदीची गोष्ट’, ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ ही नावे पाहिली तरी त्यांच्या लेखनाचा रोख ध्यानात येतो. हट्ट हा मुलाचा दुर्गुण समजून तो मोडण्याचा जो परिपाठ घराघरांतून होता, त्यास त्यांनी सौम्य शब्दांत पण ठाम विरोध केला. त्या काळच्या मराठी पालकांनी हे मुकाट्याने ऐकून घेतले असे समजण्याचे कारण नाही.

पुढे भावनगर सोडून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. जोडीला बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही आले. शिशुविहार लवकरच नावारूपास आला. त्या ठिकाणी ताराबाईंनी आयुष्य काढले असते तरी त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते. परंतु गिजुभाईंचे १९३९ साली निधन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ताराबाईंच्या मनात एक खंत घर करून राहिली. मॉन्टेसरी साहित्य महाग होते. लाकडाची घोटीव ठोकळ्यांची पेटी विकत घेण्याची ऐपत शहरातील सुखवस्तू शाळांनाच होती. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती हिंदुस्थानात येऊन श्रीमंतांच्या मुलांची मिरास होऊ लागली होती. गांधीजींनीही १९३१ साली लंडनमध्ये मॉन्टेसरी शिक्षकांसमोर बोलताना भारतातील गरीब खेड्यांतील मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचावे अशी इच्छा प्रकट केली होती.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी मुंबई सोडली. १९४५ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यात शिक्षिकेचे काम केलेल्या अनुताई वाघ त्यांना येथे येऊन मिळाल्या आणि दोघींचे साहचर्य ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकले. अनुताई १९१० साली जन्मलेल्या, बालविधवा, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. एक मुंबईची पदवीधर, दुसरी मोरगावसारख्या खेड्यात जन्मलेली; गुरू-शिष्येचे असे नाते आपल्याकडे फार थोडे दिसते.

बोर्डीत पहिली अडचण अगदी साधी होती. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. कोणी आणावयाचे, कोणी नाहू घालावयाचे, घरी धाकट्या भावंडास कोणी सांभाळावयाचे, हे प्रश्न सुटल्याखेरीज शाळेची वाट मोकळी होणार नव्हती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जात, एखादे अंगण झाडून घेत आणि तेथेच वर्ग भरे. अंगणवाडी या शब्दाचा हा जन्म. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी हीच युक्ती कुरणापर्यंत नेण्यात आली. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा.

केंद्र १९५६-५७ च्या सुमारास बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर हलविण्यात आले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ताराबाईंनी विकासवाडीची कल्पना साकारली. तान्ह्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या शाळेत बसू शके. आणि ज्या मुलाने बालवाडीत शंख, शिंपले चाचपले होते, तेच पुढे त्याच आवारात पाटी घेऊन लिहावयास बसे. इंद्रियशिक्षण आणि लेखनशिक्षण यांच्यामध्ये आपल्याकडे जी भिंत असते, ती येथे नव्हती.

साहित्याचे काय झाले, हा तर या चरित्रातील सर्वांत रोचक भाग आहे. लाकडी ठोकळ्यांची जागा शंख, शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती यांनी घेतली. समुद्र आणि जंगल या दोन भांडारांतून शुल्क न देता मिळणारे हे साहित्य. चिंचोका गुळगुळीत आणि सागाचे पान खरखरीत. बांबूची पोकळ कांडी हलकी आणि दगड जड. वाळलेल्या शेंगा हलविल्या की वाजणारे खुळखुळे. मॉन्टेसरी पद्धतीतील मापाची काटेकोर अचूकता यात काहीशी ढळली, हे खरे. ज्या पेटीतील प्रत्येक ठोकळा मिलिमीटरने मोजलेला, तिच्याऐवजी चिंचोक्यांचा ढीग आला, तर शास्त्राचे अनुयायी कुरकुरणारच. परंतु लेखनाच्या दृष्टीने पाहता ताराबाईंच्या या बदलात एक लाभ दडलेला होता. गुळगुळीत ठोकळ्याविषयी मूल गुळगुळीत एवढेच बोलू शकते. चिंचोक्याला मात्र झाड आहे, आंबट चव आहे, तो भाजताना येणारा खमंग वास आहे, सारीपाटाचा खेळ आहे, आजीची ओटी आहे. गुणाबरोबर गोष्टही येते. वर्णन आणि निवेदन एकमेकांत मिसळतात, ते असे.

याहून मोठा मुद्दा भाषेचा आहे. वारली मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. शाळेत आल्याबरोबर त्याच्या तोंडचा शब्द चुकीचा ठरला, तर ते मूल बोलणे बंद करते. आणि जे बोलत नाही ते लिहिणार कसे? अंगणातच शाळा भरली की वस्तू मुलाच्या घरची, तिचे नाव त्याच्या तोंडचे आणि शिक्षिकाच पाहुणी, अशी परिस्थिती निर्माण होते. मुलाच्या अनुभवाला मान मिळाला की त्याच्या शब्दालाही मिळतो. आपल्या जिल्ह्यातील मुलाने निबंधात पऱ्हाटी, तुराटी हे शब्द लिहिले तर लाल शाईने त्यावर काट मारून कपाशीचे झाड, तुरीचे झाड असे लिहून देणारे शिक्षक अद्यापि आहेत. पऱ्हाटी म्हटल्याबरोबर वेचणी संपल्यानंतरचे ते काटकुळे, बोटांना ओरबाडणारे झाड डोळ्यांपुढे उभे राहते. शब्द पुसला की ते झाडही गेले. प्रमाण शब्द अवश्य शिकवावा, पण शेजारी, जागेवर नव्हे.

ताराबाईंची ही दृष्टी घेऊन आपल्या परिसराकडे पाहिले तर वर्णनलेखनाच्या पाठासाठी बुलढाणा जिल्ह्याइतकी समृद्ध पाठशाळा शोधूनही सापडणार नाही. लोणार सरोवराचेच उदाहरण घ्यावे. आपली मुले लिहितात की हे सरोवर उल्कापाताने निर्माण झाले, ते बेसाल्ट खडकात आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ही सर्व माहिती बरोबर आहे आणि प्रत्येक मुलाला ती ठाऊक असलीच पाहिजे. परंतु हे वर्णन नव्हे. काठावरील धारेच्या गोड, गार पाण्यात ओंजळ बुडवून मग खाली उतरत गेलेल्या मुलाला विवराच्या तळाशी खाऱ्या पाण्याचा उग्र दर्प येतो, झाडीत वारा अडल्याने हवा जड लागते, काठच्या चिखलात पाय रुततो. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असे तपासणीअंती निष्पन्न झाले. तो रंग कशासारखा होता, हे सांगण्याचा अधिकार मात्र लोणारच्या मुलांचा होता. डाळिंबाच्या रसासारखा, की रंगपंचमीनंतरच्या बादलीसारखा? असा प्रश्न विचारला की मूल विचारात पडते, आणि विचारात पडलेले मूल उपमा शोधू लागते.

हिवाळ्यात आगटीत भाजलेल्या हुरड्याचा वास, जिनिंगच्या आवारातील कापसाच्या ढिगात हात खुपसल्यावर लागणारी ऊब आणि मध्येच टोचणारी सरकी, खामगावच्या सराफ्यातील चांदीवर पडणाऱ्या हातोडीचा किणकिणाट, उन्हाळ्यात मलकापूरच्या फलाटावरील तापलेल्या बाकाचा चटका. यांपैकी कशासाठीही पैसे मोजावे लागत नाहीत. मराठी भाषेने या सर्वांसाठी शब्दही सढळ हाताने दिले आहेत. वासासाठीच खमंग, कुबट, कोंदट, करपट, उग्र, मंद. आवाजासाठी सळसळ, खळखळ, करकर, टपटप. ही नादमय संपत्ती ज्या भाषेत आहे तिच्या मुलांनी सुंदर आणि छान या दोनच विशेषणांवर आयुष्य काढावे, हे काही बरे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. पाच इंद्रियांचे पाच रकाने आखून प्रत्येकात दोन-दोन वाक्ये भरावयाची, असा तक्ता अलीकडे काही वर्गांतून दिसतो. आरंभी मुलाला आधार म्हणून तो ठीक आहे. पण तोच साचा झाला की नाचणाऱ्या मोराच्या जागी दुसरा मोर येऊन बसतो. देवळाच्या वर्णनात चवीचा रकाना रिकामा राहू नये म्हणून मूल काहीतरी ठोकून देते. ताराबाईंच्या पद्धतीत घाईला स्थान नव्हते. वस्तू हाताळू द्यावी, मुलाने कितीही वेळ लावला तरी मध्ये बोलू नये, त्याने विचारले तरच शब्द पुरवावा, हा त्या शिक्षणाचा शिरस्ता. साठ मुलांच्या वर्गात आणि पस्तीस मिनिटांच्या तासात हे साधणे किती अवघड आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. तरीही आठवड्यातून एक तास फळा कोरा ठेवून, प्रत्येक मुलाच्या हाती एक पान, एक गोटा वा मूठभर धान्य देऊन पाहता येईल. आधी बोलणे, मग लिहिणे. आणि लिहिलेल्यात शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी मोजू नयेत.

ताराबाईंच्या कार्याची दखल शासनाने १९६२ साली पद्मभूषण देऊन घेतली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. वयोमानानुसार कोसबाडची धुरा क्रमाने अनुताईंच्या खांद्यावर आली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. बोर्डीतील एका झाडलेल्या अंगणातून निघालेला मराठी शब्द अशा रीतीने साऱ्या देशाच्या सरकारी दप्तरात गेला. पोषण आहार, लसीकरण आणि वजनाची नोंद या जबाबदाऱ्यांखाली त्या अंगणातील शंख-शिंपले पुष्कळदा दबून गेले, ही गोष्ट वेगळी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग एका सूत्रात ओवले. कोसबाडच्या आवारात ही जोडणी त्यापूर्वी सहा दशके झालेली होती.

अनुताईंनी ताराबाईंच्या पश्चात जवळजवळ दोन दशके टेकडीवरील काम चालविले. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांची हकिकत लिहून ठेवली आहे, आणि शिक्षकी पेशातील तरुणांनी ती अवश्य मिळवून वाचावी. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही निवर्तल्या. ताराबाईंच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते.